टोळी हलायच्या आत काढायचे कागद

माझे आईवडील दसरा झाला की मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याच्या सुमाराला परत यायचे. आम्ही बीड जिल्ह्यातले, भटक्या जमाती ड प्रवर्गातले. बारावीला मला मार्क चांगले पडले होते. पण जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, हातात नव्हती, म्हणून इंजिनिअरिंगची राखीव जागा गेली आणि अख्खं वर्ष घरी बसले. आज पुण्यात एका कॉलेजात शिकवते. दर पावसाळ्यात ऑफिसच्या खिडकीबाहेर तशीच रडवेली पोरं दिसतात. म्हणून सांगते, तयारी निकालानंतर करू नका. बारावीच्या वर्षी, टोळी गावातून हलायच्या आत सुरू करा.

सगळ्यात आधी जातवैधता, कारण तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि ज्युनिअर कॉलेजचा सही-शिक्का घेऊन कागदांसह जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे द्यायचा. खरी मेहनत जुना पुरावा शोधण्यात आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद असेल तर काम सोपं होतं. माझे आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते. शाळेच्या पत्र्याच्या कपाटात, वाळवीने कडा खाल्लेल्या रजिस्टरात त्यांची एक ओळ होती: नाव, जात, आणि शाळा सोडण्याचं कारण ‘सतत गैरहजर’. तेवढ्या ओळीवर माझं सगळं अडलं होतं. मी ती शोधायला मे महिन्यात गेले, तेव्हा शाळेला सुट्टी, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि ते त्यांच्या गावी. तुम्ही शाळा चालू असताना जा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांची नोंद बघा, तहसीलमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४ मागा. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी कधी कधी उर्दूत सापडतात, भाषांतराला वेळ धरून ठेवा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर तीही वंशावळीच्या शपथपत्रासोबत जोडा. हे शपथपत्र वडिलांनी करायचं असतं, आणि ते फडात गेल्यावर सहीला परत येऊ शकत नाहीत. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते.

दुसरं काम मोबाइल नंबरचं. तुमच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असेल तर तो आत्ताच बदलून स्वतःचा टाका. तुम्ही दाखले काढायच्या सेतू केंद्रात, फोन कर्नाटकातल्या कुठल्याशा उसाच्या फडात, तिथे रेंज नाही, आणि ओटीपीची मुदत दहा मिनिटांची. यात पोरांचे दिवसच्या दिवस जातात.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर (घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मात्र एप्रिलमध्येच काढा, आईवडील परतल्यावर. आधी काढलात तर ३१ मार्चला मुदत संपू शकते, आणि प्रवेशाला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रीमीलेअर लागतं.

फीबद्दल. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. राहण्याखाण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. त्यासाठी आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. आणि कॉलेजात मूळ कागद तपासून झाले की परत मागा. ते ठेवून घेता येत नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय. हे न घाबरता बोला.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, फॉर्म भरून काम संपत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. अर्ज ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊन पडलेला असतो आणि पोरं पैशांची वाट बघत राहतात. शिष्यवृत्ती आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. शहरात आल्यावर कुणाच्या सांगण्यावरून नवं खातं उघडलंत तर पैसे कुठे जातील हे आधी बँकेत विचारा.

आता पहिले सहा महिने. लेक्चर इंग्रजीत, मेसचं जेवण बेचव, आणि वर्गात सगळ्यांना सगळं येतं असं वाटतं. तसं नसतं, मी समोर उभी असते, मला चेहरे दिसतात. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा लिहा, उजव्या पानावर तिचा अर्थ आपल्या मराठीत. मी दोन सेमिस्टर असंच काढलं. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत तासांवर काम मिळतं. जागा लवकर भरतात, पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. हॉस्टेलवर कुणी त्रास दिला तर सहन करत बसू नका. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी क्रमांक आहे, रात्रीही लागतो.

आणि तुमची वैधता आली की तिची झेरॉक्स चुलत भावंडांच्या घरी देऊन या. त्यांच्या अर्जाला ती जोडता येते.