राब भाजण्याआधी जाळरेषा: शहापूर-मुरबाडच्या पाड्यांसाठी वणव्याची तयारी

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या उतारांवर, तानसा अभयारण्याच्या कडेला, येऊरच्या पायथ्याशी याच दिवसांत सागाचा पाला गळतो, गवत वाळतं आणि शेतात राब, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर रचलेले शेण-पाल्याचे थर, भाजायला घेतले जातात. म्हणून हंगामाआधी गावाने एकत्र बसावं आणि पहिली यादी करावी ती राबाची: कोण, कोणत्या दिवशी, कुठे भाजणार. एका शिवारात एका दिवशी दोनपेक्षा जास्त राब नकोत. यादीची एक प्रत वनरक्षकाकडे द्या.

आपल्याकडे सकाळी वारा मंद असतो. दुपारी बाराच्या सुमारास समुद्राकडचा वारा सुटतो आणि दिशा पालटते. राबात खाली शेण, वर पाला-फांद्या-गवत आणि त्यावर मातीचा थर, त्यामुळे तो आतल्या आत धुमसतो. ज्वाळ तासाभरात बसते, माणसं जेवायला घरी जातात, आणि दुपारच्या वाऱ्याने कडेचा निखारा उघडा पडून एखादं जळकं पान बांधावरच्या गवतात जातं. तेव्हा राब उजाडताच पेटवा. भोवती १० फूट पट्टी मातीपर्यंत खरवडा. पेटवताना उताराच्या वरच्या टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे आग खाली सावकाश सरकते. २०० लिटरचं एक पिंप भरलेलं आणि चार माणसं जागेवर हवीत. सकाळी दहाच्या आत कडेच्या हातभर पट्टीवर ओली माती ओढा आणि धूर पूर्ण थांबेपर्यंत एकाने तिथेच बसावं. ज्यांना जमेल त्यांनी यंदा राबाऐवजी गादीवाफा, म्हणजे रोपांसाठी उंच केलेला वाफा, करून पाहावा. गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळली की रोपं दणकट होतात. राब कमी झाला की पाल्यासाठी होणारी झाडांची तोडही कमी होते.

जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी. ती काढताना सर्वात मोठी चूक म्हणजे गवत कापून तिथेच सोडणं. रेष म्हणजे उघडी माती. गुडघाभर गवताला १० फूट पुरतात, पण बागेच्या ज्या बाजूला खाली उतार आणि दाट गवत आहे तिथे २० फूट हवी, कारण आग चढावर वेगाने धावते. कापलेलं गवत कडेला ढीग करून ठेवू नका, गोठ्यात किंवा खताच्या खड्ड्यात न्या. उतारावर नांगर घालू नका, पहिल्याच पावसात माती वाहून जाईल. आणि एकदा काढलेली रेष महिनाभरही टिकत नाही. मार्चअखेरपर्यंत पाला गळतच राहतो, दर पंधरा दिवसांनी दाताळ्याने ओढावाच लागतो. आंबा-काजूच्या बागेत ओल टिकावी म्हणून पाल्याचं आच्छादन करतो, ते आतल्या झाडांना ठेवा. बाहेरच्या दोन ओळी मात्र मोकळ्या हव्यात. ठिबकच्या कडेच्या नळ्या गुंडाळून आत घ्या. पेंढ्याची उडवी घरापासून किमान ५० फूट लांब रचा, विजेच्या तारेखाली कधीच नको.

मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. आगीचं हे कारण टाळायला सर्वात सोपं आहे. झाडाभोवती १५-२० फूट झाडून जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात, दरही बरा येतो. वेचणाऱ्या बायकांना बैठकीला बोलवाच, रानात पहाटे त्याच असतात आणि धूर आधी त्यांनाच दिसतो.

प्रत्येक पाड्यावर दहा-बारा जणांची तुकडी ठरवा. चौघे हिरव्या फांद्यांनी झोडपणारे, चौघे कोयता-फावड्याने रेष काढणारे, दोघे १६ लिटरचे पाठीवरचे पंप घेऊन, आणि एक जण फक्त उंचावरून वारा बघणारा. या शेवटच्या माणसाला दुसरं काहीही काम देऊ नका. तणनाशकाचा पंप आधी नीट धुवा. सुती कपडे, बूट आणि डोक्याला ओला पंचा असू द्या. नायलॉन अंगाला चिकटतं. डोंगरात मोबाईलला रेंज नसते, म्हणून देवळाची घंटा किंवा थाळी हीच खूण ठरवा. रेंज असेल तिथून वनविभागाला १९२६ वर कळवा.

आगीच्या वरच्या बाजूला उभं राहू नका, घळीत उतरू नका. घळ धुराड्यासारखी ज्वाळ वर ओढते. बाजूने झोडपत पुढे जा. कोंडीत सापडलात तर जळून काळ्या झालेल्या जागेवर या. उच्च दाबाच्या तारांखाली दाट धूर असेल तर दूर थांबा, धुरातूनही वीज उतरते.

आग बसल्यावर वाळक्या खोडांच्या ढोल्या आणि बुंधे तपासा. हाताची मागची बाजू जवळ नेली की ऊब कळते. ढोलीत माती कोंबा, पाणी ओता. दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा सुटण्याआधी दोघांनी पुन्हा सगळ्या कडेने फिरून यावं.