रीफ टँकचा घरगुती डोसर: पंप मागवायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

डोसर म्हणजे कोरलच्या टँकमध्ये सोड्याचं आणि कॅल्शियमचं पाणी रोज मोजून आपोआप सोडणारं यंत्र. तो बनवायचा म्हटलं की सगळे आधी पंप मागवतात, आणि मग तो पंप खोक्यात पडून राहतो कारण बाकीचं काहीच तयार नसतं. म्हणून ही यादी मी मुद्दाम उलटी लावलीय, पंप पार खाली. इंदूरला बसून खाऱ्या पाण्याचा टँक चालवायचा म्हणजे समुद्राचं पाणी विसरा, मीठ पाकिटातलं, सामान कुरियरचं, आणि काही बिघडलं तर धावत जाऊन आणता येईल असं दुकान शेजारी नाही. त्यामुळे तयारी आधी.

पहिलं म्हणजे टेस्ट किट. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मोजतात डीकेएचमध्ये), कॅल्शियम, मॅग्नेशियम, तिन्ही हवेत. सॅलिफर्ट कंपनीचे चालतात, अल्कलिनिटीसाठी हॅनाचा चेकर (थेट आकडा दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर रंग बघून डोळे फोडावे लागत नाहीत. आणि एक वही. आठवडाभर काहीही न घालता रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजायची, खारेपणा ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५) धरून ठेवायचा (उन्हाळ्यात इथे कूलर-पंखा लावला की पाणी भराभर उडतं, तेवढं गोडं पाणी रोज भरा नाहीतर आकडे सगळे खोटे येतात). ७ ते ९ डीकेएचच्या मधे टँक आहे आणि आठवड्यात जेमतेम अर्धा उतरला, तर भिया डोसर लागतच नाही, पाणी बदलत राहा, पैसे वाचवा. रोज अर्धा उतरतोय तर मग पुढे वाचा. मॅग्नेशियम १२५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १२५०) खाली असेल तर आधी ते वर आणा, ते कमी असताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी टिकता टिकत नाहीत, तुम्ही ओतत राहता आणि ते हीटरवर नि पंपावर पांढरा थर होऊन बसतं.

आता केमिकल. दोन डब्यांची पद्धत धरतोय, एका डब्यात सोडा, दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड. सोडा म्हणजे खायचा सोडा, इंदूरच्या सियागंजात किलोने मिळतो, फक्त बेकिंग पावडर नको आणि धुण्याचा सोडा तर नकोच, त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. कॅल्शियम क्लोराइडसाठी दवा बाजारात लॅबचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा, आणि लेबल नीट वाचा: डायहायड्रेट आहे का अॅनहायड्रस. डायहायड्रेट असेल तर लिटरला ६६ ग्रॅम, अॅनहायड्रस असेल तर ५० ग्रॅमच, कारण त्यात पाण्याचं वजन नसतं. खायचा सोडा लिटरला ७८ ग्रॅम. पाणी थंड असेल तर एवढा सोडा विरघळायला वेळ घेतो, हलवत बसा, पण गरम करू नका. उलट कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकलं की पाणी आपोआप तापतं, बरंच तापतं, म्हणून ते थोडं थोडं पाण्यात टाकायचं, वरून पाणी ओतायचं नाही, आणि गच्च झाकण लावून बाटली हातात धरायची नाही. पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढून चिकट होतं आणि मग वजनाचा काही भरवसा नाही, तेव्हा हवाबंद बरणी आधीच घेऊन ठेवा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा पुरतो.

या मापाचं गणित सोपं आहे: १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सोड्याचं पाणी साधारण ३८ मिली, आणि तेवढंच कॅल्शियमचं, म्हणजे कॅल्शियम ७ पीपीएमच्या आसपास वाढतं. कोरलही दोन्ही गोष्टी जवळपास याच प्रमाणात खातात म्हणून दोन्हीचा डोस सारखा. २०० लिटर पाणी आणि रोज अर्धा डीकेएच खप, तर रोजचे ३८ आणि ३८ मिली. लिटर मोजताना दगड आणि वाळू वजा करा, संप (टँकला जोडलेली खालची टाकी) धरा. टँकवर लिहिलेला आकडा घेऊ नका.

पीएच खाली राहत असेल, एसी लावून खिडक्या बंद ठेवणाऱ्यांकडे राहतोच, तर तोच सोडा ओव्हनमध्ये १५० डिग्रीला तासभर भाजून घ्यायचा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, १०० ग्रॅमचे ६३ उरतात, आणि तो सोडा पीएच वर नेतो. म्हणजे ७८ ग्रॅम भाजले तर जे काही ५० च्या आसपास उरेल ते सगळं एका लिटरमध्ये, ताकद तीच राहते. ओव्हन आईचा असेल तर आधी विचारून घ्या, बाबांचा पाठिंबा इथे कामाचा नाही.

पाणी. घरच्या आरओचं पाणी चालतं असं बरेच जण धरून चालतात. बहुतेक घरगुती आरओत एक छोटा स्क्रू किंवा व्हॉल्व्ह असतो जो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, वर चवीसाठी मिनरलची नळी. आपल्याला नेमकं उलटं हवंय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य. मिसळणीचा व्हॉल्व्ह बंद, मिनरल काढून टाका, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे) लावा आणि टीडीएस मीटरने बघा. नर्मदेचं असो की बोअरचं, आधी हे करा. आणि नळाच्या फिटिंगमध्ये पितळ कुठेही येऊ देऊ नका, तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी आणि कोरल दोन्ही जातात.

आता डबे, आणि इथे मी जरा अडून बसणार आहे. सगळ्यांना पाच लिटरचा कॅन लावायचा असतो, महिनोन्महिने बघायला नको म्हणून. वरचंच उदाहरण घ्या. पंप अडकून चालूच राहिला आणि पाच लिटर सोड्याचं पाणी त्या २०० लिटरमध्ये गेलं तर अल्कलिनिटी साठच्या वर चढायचा हिशोब होतो, म्हणजे प्रत्यक्षात सगळा टँक पांढराफटक होऊन कॅल्शियम खाली बसतं आणि संपलं. तेच डब्यात पाच दिवसांचंच पाणी, म्हणजे १९० मिली ठेवलं असतं, तर अडीच डीकेएच. कोरल वैतागतील, काही टोकं जळतील, पण टँक हातातून जाणार नाही. म्हणून मोठा कॅन कपाटात ठेवा आणि पंपाला छोटी बाटलीच जोडा, भरायला दोन मिनिटं लागतात. कुठल्याही सेन्सरपेक्षा मला ही छोटी बाटली जास्त भरवशाची वाटते.

वीज. पावसाळ्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक वेळी कंट्रोलर (पंप चालवणारा छोटा बोर्ड) नव्याने सुरू होतो. प्रोग्राममध्ये 'चालू झाल्यावर डोस' असं कुठे लिहिलं असेल तर संध्याकाळभरात दिवसाचा डोस चार वेळा जाईल. त्यामुळे बोर्ड आर्डुइनो असो की ईएसपी३२, सोबत डीएस३२३१ घड्याळ घ्या, त्याचा सेल लावायला विसरू नका, आणि आज किती मिली गेलं हे मेमरीत लिहून ठेवणारा प्रोग्राम असू द्या, मर्यादा गाठली की उद्यापर्यंत काही नाही. बोर्ड चालू होताना पिन क्षणभर अधांतरी असते आणि पंप झटका देतो, म्हणून मॉसफेटच्या (पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेटला, म्हणजे बोर्डाची पिन जोडतो त्या पायाला, १० किलोओहमचा रेझिस्टर सर्किटच्या ग्राउंडला. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा. रिले टाळा, त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले की पंप बंद होत नाही. आयआरएफ५२० मॉसफेटचं मॉड्युल स्वस्त मिळतं पण ते ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, आयआरएलझेड४४एन मागा. हे सगळं इंदूरच्या जेल रोडला सापडतं, १२ व्होल्टचा अॅडॉप्टरही तिथेच घ्या. अॅडॉप्टर टँकच्या पातळीपेक्षा वर टांगायचा, आणि वायरला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

सलाईनच्या सेटने थेंब थेंब सोडायची आयडिया पण चालते, साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, पण बाटली रिकामी होत जाते तसा वेग बदलतो आणि टोकाला सोडा साचला की बंद. घरी असाल तेव्हा ठीक.

आणि आता पंप. पेरिस्टाल्टिक (रोलरने आतली नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा), १२ व्होल्ट, दोन. वेगाचा मोह नको: रोजचे ३८ मिली बारा हप्त्यांत वाटले तर एका वेळी जेमतेम ३ मिली, आणि मिनिटाला ६० मिली देणारा पंप तेवढं तीन सेकंदात फेकतो, त्यात अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे किती ते बघा. हळू पंप घ्या किंवा हप्ते कमी करा. सम तासांना सोडा, विषम तासांना कॅल्शियम. दोन्ही नळ्या संपमध्ये जिथे पाणी जोरात वाहतं तिथे, एकमेकींपासून लांब, टोकं पाण्याच्या वर. टोक बुडालेलं असेल आणि आतली नळी झिजली तर पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. माप काढायला दवा बाजारातून मोजपात्र आणा, नळी जेवढी लांब आणि जेवढी उंच असणार तेवढीच लावून मोजा, टेबलावरचं माप तिथे लागू होत नाही. आतली नळी झिजते, महिन्यातून एकदा परत मोजा, आणि एक जादा नळी घरात ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरही (खारेपणा मोजायचं यंत्र) हाताशी असू द्या, या पद्धतीत मागे मीठ उरत जातं आणि खारेपणा हळूहळू चढतो.

कोरल कुठून आणलं त्याचे कागदही याच फाइलमध्ये लावा. आपल्या समुद्रातले दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे 'गुजरातच्या किनाऱ्यावरून आणून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडा.

गावाला जाणार असाल तर कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी: टँक पांढरा दिसला तर डोसरचा लाल स्विच बंद, बाकी कशाला हात लावू नका. शेजारच्या काकूंना तो स्विच आधी दाखवून ठेवा. पहिला आठवडा दोन्ही बाटल्यांत नुसतं आरओचं पाणी आणि नळ्या दोन मगांत, रोज मग मोजा, मधेच मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. आकडे जुळले तर हिशोबाच्या निम्म्या डोसवर सुरू करा आणि वहीत अल्कलिनिटी लिहीत डोस वाढवत न्या, एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वर चढू द्यायचा नाही.