शेजारचा कुत्रा सतत भुंकायचा, त्यावर मी काय केलं

शेजारचे कामावर गेले की त्यांचा लॅब्राडोर दिवसभर बाल्कनीत साखळीला. भुंकणं रात्री उशिरापर्यंत चालायचं. घरात आजारी आई, मुलीची दहावी.

सोसायटीत कुणी म्हणालं, ठराव करून कुत्र्यांवर बंदी घाला. तसं करता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमत असलं तरीही नाही. आणि ते योग्यच आहे.

मी भुंकण्याच्या तारखा-वेळा वहीत लिहिल्या, रेकॉर्डिंग केलं, सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच घ्याच, पुढे तोच पुरावा ठरतो. आजूबाजूच्या अनेकांना त्रास असेल तर सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० आणि २९२ खाली पोलिसांकडे तक्रार करता येते. त्रास एकट्या आपल्यालाच असेल तर दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागावा लागतो, त्याला वेळ लागतो.

आमचं काम मात्र वेगळ्याच कायद्याने झालं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हीसुद्धा क्रूरता आहे. सेक्रेटरींसोबत जाऊन शेजारच्या काकांना ते कलम वाचून दाखवलं. बिचाऱ्या जनावराचेच हाल होताहेत, हे त्यांना पटलं. आता सकाळ-संध्याकाळ एक मुलगा त्याला फिरवून आणतो, आणि साखळी काढलीय.