आफ्टरग्लो शोधायच्या रात्रीची तयारी

मागच्या वेळी दुर्बिणीच्या प्रतिमेच्या चौकटीत नवा ठिपका सापडला आणि मी समाधानाने झोपले. पुढच्या दोन रात्री ढग. तो ठिपका खरंच गॅमा किरण स्फोटाचा आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटामागे उरलेला, हळूहळू मंदावणारा उजेड होता का, हे मला आजही सांगता येत नाही, कारण त्याच रात्री दुसऱ्या फेरीच्या, म्हणजे तीच जागा काही वेळाने पुन्हा टिपणाऱ्या प्रतिमा मी घेतल्याच नाहीत. नवा ठिपका दिसणं हा पुरावा नव्हे. तो मंदावताना दिसायला हवा.

फोन उशाशी, आवाज पूर्ण. चार्जर, इंटरनेट, चहा तुमचं तुम्ही बघा. इथे मुंबईत, पवईत पाऊस कोसळतोय म्हणून निवांत राहू नका. आपण दुरून चालवतो ती ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखात हानले इथे आहे, साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर, पर्जन्यछायेत. खिडकीतून नव्हे, तिथल्या कॅमेऱ्यातून आकाश बघा.

अलर्ट आला की तो स्विफ्टचा की फर्मीचा (दोन्ही असे स्फोट टिपणारे उपग्रह), हे आधी वाचा. स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीने दिलेली जागा काही आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते, ०.७ मीटरच्या ग्रोथ-इंडियाच्या एका चौकटीत आरामात मावते. फर्मीची जागा बहुतेकदा कित्येक अंश पसरलेली असते, तिच्यामागे रात्र घालवायची का हे आधीच ठरवा. स्फोटाची वेळ कागदावर लिहा, यूटीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असतं आणि पहाटे तीनला ही वजाबाकी हमखास चुकते.

आता दुसरी फेरी. पहिली सुरू होताच दुसरीची नोंद दुर्बिणीच्या कामांच्या रांगेत टाका, निकालाची वाट बघू नका. अंतर किती ठेवायचं? आफ्टरग्लोचं तेज साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. स्फोटानंतर वीस मिनिटांनी पहिली फेरी झाली असेल तर दोन तासांनी घेतलेल्या दुसरीत ठिपका जवळजवळ दोन प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद) मंद दिसेल, फरक डोळ्यांनी कळेल. पण पहिलीच दहा तासांनी मिळाली आणि दुसरी अकराव्या तासाला घेतली, तर फरक जेमतेम ०.१ प्रतीचा. तो त्रुटीत बुडतो. तेव्हा दुसरी फेरी पुढच्या रात्री घ्या, एक्सपोजर वाढवून. फिल्टर मात्र तोच, नाहीतर तुलना कशाशी करणार? २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो, दृश्य प्रकाशात सापडलेला पहिलाच, तोही त्या रात्रीची आणि ८ मार्चची प्रतिमा शेजारी ठेवल्यावरच पटला. म्हणून पुन्हा सांगते: दुसरी फेरी.

लघुग्रह तपासा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण अर्धा आर्कमिनिट (३० आर्कसेकंद) सरकतो, त्यामुळे एकाच फेरीतल्या दहा मिनिटांच्या अंतरानेही तो उघडा पडतो. लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची यादीही बघाच. पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या जुन्या प्रतिमेत त्याच जागी लाल तारा असेल तर ती त्याची ज्वाळा असू शकते. ज्वाळाही मंदावते, तेव्हा सावध.

मग तेजमापन, वाटेतल्या धुळीने घटलेल्या प्रकाशाची दुरुस्ती, आणि जीसीएनला, म्हणजे अशा स्फोटांच्या बातम्या खगोलशास्त्रज्ञांना पोचवणाऱ्या जाळ्याला, मजकूर. काही दिसलं नाही तर कितव्या प्रतीपर्यंत शोधलं ते लिहून पाठवा, तेही उपयोगी पडतं. आणि झोपण्याआधी रांग उघडून दुसऱ्या फेरीची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.