ऑइलचा लाल दिवा लागला, सेन्सर गेलाय की खरंच प्रेशर नाही?

कसारा घाट चढून आलात, नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, तर आधी गाडी साइडला घेऊन इंजिन बंद करा, कारण प्रेशर खरंच नसेल तर बेअरिंग जायला वेळ लागत नाही. पाच-दहा मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) बघा. ऑइल कमी असेल तर टॉपअप करा, आणि ते गेलं कुठे तेही शोधा.

लेव्हल बरोबर असेल तर ऑइल प्रेशर स्विचकडे या, म्हणजे हा दिवा लावणाऱ्या सेन्सरकडे, बहुतेक गाड्यांत तो ऑइल फिल्टरच्या आसपास असतो. कनेक्टर काढा, आत ऑइल दिसलं तर स्विच लीक झालाय, बदलूनच टाका. जुन्या एका वायरच्या स्विचला नुसतं इग्निशन ऑन करून वायर काढली की दिवा विझायला पाहिजे, नाही विझला तर वायर कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. विझला म्हणजे स्विच खराब असं लगेच धरू नका हां, प्रेशर नसलं तरी असंच होतं. तीन वायरवाल्या सेन्सरवर हे प्रयोग नकोच, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावा.

खरा निकाल मेकॅनिकल गेजचाच, म्हणजे ऑइलचं प्रेशर थेट मोजणाऱ्या मीटरचा. सातपूर-अंबडकडच्या एखाद्या चांगल्या मेकॅनिकला स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा, इंजिन गरम करून आयडलला आणि २००० आरपीएमला रीडिंग घ्या, गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. जुळलं तर स्विच बदला, स्वस्त असतो. नाही जुळलं तर गाडी टो करूनच न्या.