चेरोकीत एक्सप्लोररचा मागचा एक्सल बसवताना

जुन्या जीप चेरोकीला (एक्सजे) मोठे टायर चढवले की मागचा डाना ३५ एक्सल तग धरत नाही. त्याच्या शाफ्टला जेमतेम २७ स्प्लाइन (टोकावरचे दाते). १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल तिथे चांगला बसतो: ३१ स्प्लाइन, डिस्क ब्रेक, शिवाय चाकाचे पाच बोल्टही त्याच साडेचार इंची वर्तुळावर.

घेण्याआधी कव्हरच्या बोल्टखालची पट्टी वाचा. ‘३ ७३’ म्हणजे ३.७३ रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्यामागे ड्राइव्हशाफ्टचे फेरे) साधा, ‘३एल७३’ म्हणजे त्याच रेशोचा लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा). गाडी फोर-व्हील असेल तर रेशो पुढच्या एक्सलशी जुळलाच पाहिजे. चार लिटर इंजिनाच्या ऑटोमॅटिक चेरोकीला पुढे बहुधा ३.५५ असतो, म्हणून तोच शोधा. ३.७३ घेतलात तर पुढचा क्राउन-पिनियन (एक्सलमधली मुख्य गिअरजोडी; पिनियन ड्राइव्हशाफ्टकडचा) आणि त्याचा कॅरियर (क्राउन धरणारा सांगाडा) दोन्ही बदलणं आलं.

शाफ्ट काढताना क्रॉस पिनचा (कॅरियरमधली आडवी पिन) बारका बोल्ट बऱ्याचदा आतच तुटतो, घाई नको. पिन निघाल्यावर कॅरियर फिरवू नका, तिच्यावरचे छोटे स्पायडर गिअर खाली पडतात. बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवर फिरतात, तेव्हा तिथे नखाला खाच लागली तर नुसतं सील बदलून गळती थांबणार नाही.

खरं काम वेल्डिंगचं. नळ्या ओतीव हाउसिंगमध्ये दाबून प्लग वेल्ड (भोकांतून वेल्ड) केलेल्या असतात आणि जोर पडला की फिरतात. शाफ्ट आणि सील बाहेर काढा, हाउसिंग तापवा, निकेल रॉडने इंच-इंचभर, बाजू बदलत वेल्ड मारा. मग झाकून सावकाश निवू द्या. एकदम थंड झालं तर बीड (वेल्डची रेघ) चिरते. अर्थ क्लॅम्प नळीवरच लावा, पिनियनवर नको, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

एक्सप्लोररमध्ये पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या खाली असतात, चेरोकीत वर. एक्सलवरच्या जुन्या बैठका (पाटे टेकायच्या जागा) कापून काढा. नव्यांचं अंतर जुन्या एक्सलवरून मोजा. यू-बोल्ट सव्वातीन इंची नळीचे लागतात. बैठका आधी नुसत्या ठेवायच्या: एक्सल चढवा, गाडीचं वजन चाकांवर सोडा, मग पिनियनचा कोन लावा. ड्राइव्हशाफ्टच्या दोन्ही टोकांना साधे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतील तर पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारा गिअरबॉक्स) शाफ्टला समांतर, एक-दोन अंश खाली. पिकअप घेताना तो वर उचलला जातो. बैठकांना वेल्डचा टाका मारा, एक्सल उतरवा, पूर्ण वेल्ड करा. हा क्रम मोडलात तर थरथर कायमची.

फोर्डच्या फ्लँजचा (पिनियनवरची ड्राइव्हशाफ्ट जोडायची चकती) क्रॉस १३३० मापाचा, जीपचा १३१०. फ्लँजचा योक एक्सप्लोररचाच ठेवा आणि दोन्ही मापांचा जोडक्रॉस वापरा. पिनियनचा नट मात्र सैल करू नका, आत क्रश स्लीव्ह (बेअरिंगचा ताण ठरवणारी, एकदाच चेपणारी नळी) आहे.

डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा) बदला. हँडब्रेकच्या केबल वेगळ्या जोडाव्या लागतील. एबीएस सेन्सर भोकातच राहू द्या, तोच बूच.

ऑइल भरणीच्या भोकापर्यंत, साधारण अडीच लिटर. लिमिटेड स्लिप असेल तर त्यात ११८ मिली फ्रिक्शन मॉडिफायर. तो विसरलात की वळताना मागून कुरकुर आणि झटके सुरू होतात.