गावच्या जमिनीत कार्बन कसा धरून ठेवायचा, मुंबईत बसून

लालबाग, भांडुप, विरार, कुठेही राहा, आपल्यातल्या बऱ्याच जणांची गावाला थोडी भातशेती आणि थोडं वरकस, म्हणजे झाडं-गवत असलेली डोंगरउताराची हलकी जमीन, असतंच. कार्बन कमी करायचा म्हटलं की सगळे इलेक्ट्रिक गाड्यांवर बोलतात, पण २०१६ च्या सरकारी हिशेबात देशाच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा साधारण १४ टक्के होता, आणि त्याच वर्षी जंगल-जमिनीने आपल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास १५ टक्के भाग शोषून घेतला. म्हणजे त्या वरकसालाही हिशेबात जागा आहे.

पहिलं काम, नवीन झाडं लावायच्या आधी आहेत ती वाचवा. उन्हाळ्यात लाकूडवाल्याचा फोन येतो, "शेठ, वरकस नुसतंच पडलंय, झाडं तोडून साफ करून देतो, वर पैसे". साफ म्हणजे सगळंच साफ! सुक्या लाकडाचं साधारण अर्धं वजन कार्बन असतं, म्हणजे १०० किलो सुकं लाकूड जाळलं की १८० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत, वीस-तीस वर्षांचं साठवलेलं एका सीझनमध्ये गेलं. पैशांची अडचण असेल तर निवडून थोडी झाडं द्या, पण बुंधे उपटू देऊ नका, साग-ऐनाला परत फुटवे येतात. आणि साग, आंबा, फणस, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीचा कागद आधी बघा.

वणवा आत येऊ नये म्हणून गवत सुकायला लागलं की, डिसेंबर-जानेवारीत, हद्दीने जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढून घ्या. गावातल्या दोन माणसांची मजुरी पाठवली की झालं.

आता भात. खाचरात पाणी साचून राहिलं की मातीत हवा उरत नाही आणि जिवाणू मिथेन बनवतात, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. इंटरनेटवर सल्ला असतो की पाणी अधूनमधून सोडून द्या, ठीक आहे, पण आपल्याकडे जुलैत वरून धो धो चालू असतं तेव्हा सोडणार कुठे? त्यापेक्षा नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंचं एसआरटी, म्हणजे सगुणा राईस तंत्र बघा, कर्जत लोकल पकडून जाता येतं. कायमचे गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, त्यामुळे मातीत हवा राहते, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं तशीच जमिनीत, आणि राब भाजणं, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणंही बंद. काकांना फोनवर पटणार नाही, प्रत्यक्ष दाखवायलाच न्या, आणि पहिल्या वर्षी एकाच खाचरात करा कारण तण बऱ्यापैकी येतं.

लावणीच करायची असेल तर निदान युरिया फेकणं थांबवा. त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो अडीचशे पटीच्याही वर. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपी खतांच्या गोळ्या चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये ७ ते १० सेंमी खोल खोचतात, खत वाहून जात नाही आणि कमी लागतं. गिरिपुष्पाची झाडं (ग्लिरिसिडिया) बांधावर लावलीत तर हिरवळीचं खत फुकट.

कार्बन क्रेडिटवाला, म्हणजे जमिनीत-झाडांत धरून ठेवलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे देऊ म्हणणारा एजंट आला तर घाई नको. करार किती वर्षांचा, झाड तोडलं तर दंड कोणावर, मोजणीचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हे लेखी घ्या. आणि सामायिक सातबारा असेल तर ठाण्याच्या आत्यापासून गावच्या चुलत्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत ॲडव्हान्सला हात लावू नका.